संगीताला जात नसते म्हणणाऱ्यांसाठी ब्राझीलची गोष्ट

आमच्या वस्तीतला एक पोरगा हलगी वाजवतो. चांगली वाजवतो. मागच्या वर्षी त्याला शहरातल्या एका फ्यूजनच्या कार्यक्रमाचे बोलावणे आले. चौघांचा बँड: गिटार, सॅक्सोफोन, ड्रम आणि हा. पोस्टर आले तेव्हा तिघांची नावे होती, फोटो होते, कुणाकडे शिकले तेही होते. हलगीच्या जागी लिहिले होते, 'सोबत पारंपरिक तालवाद्य'. पोराने संयोजकाला विचारले, माझे नाव कुठे आहे? उत्तर मिळाले, "अरे, मनाला लावून घेऊ नकोस. संगीताला जात नसते." मानधन तिघांचे एक आणि याचे वेगळे होते, हे नंतर कळले.

घरी आल्यावर आपल्यातलेच एक जुने कार्यकर्ते त्याला म्हणाले, "गावकीचे वाजवणे सोडताना तुझ्या आज्याने काय सोसले ते विचार एकदा. आणि तू तेच कोट घालून वाजवायला निघालास? वर त्या सॅक्सोफोनवाल्यांच्या मागे बसून?"

पहिल्या वाक्याचा राग येतो. दुसऱ्याचा येत नाही, कारण त्याच्यामागे खरा इतिहास उभा आहे. पण पोरगा दोन्हीकडून एकटा पडला, ही गोष्ट राहतेच. त्याला सांगायला माझ्याकडे तेव्हा काही नव्हते. नंतर जे सुचले ते ब्राझीलचे संगीत ऐकताना सुचले. सांबा आणि जाझ एकत्र वाजवणारे तीन, चार, आठ माणसांचे जे छोटे वाद्यवृंद तिथे गेल्या शंभर वर्षांत झाले, त्यांचा इतिहास आपल्या पोरांनी वाचायला हवा असे मला वाटते. कारण 'संगीताला रंग नसतो' हे वाक्य तिथे पोस्टरपुरते राहिले नाही. त्यावर अख्ख्या देशाची प्रतिमा उभी केली गेली.

आधी थोडी पार्श्वभूमी. आफ्रिकेतून गुलाम करून अमेरिका खंडात आणलेल्या माणसांपैकी सर्वाधिक माणसे ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली, सुमारे ४८ लाख. अमेरिका खंडात गुलामगिरी सगळ्यात शेवटी बंद करणारा देशही हाच, १३ मे १८८८ रोजी. मुक्ती मिळाली, जमीन मिळाली नाही, शाळा मिळाली नाही, नुकसानभरपाईचा तर प्रश्नच नव्हता. दोनच वर्षांनी आलेल्या दंडसंहितेत कॅपोएरा खेळणे हा गुन्हा ठरला आणि भटकणे हाही गुन्हा ठरला. बेकार केलेल्या माणसाला बेकार असण्याबद्दल पकडायचे, ही युक्ती गुन्हेगार जमाती कायदा भोगलेल्या आपल्या बांधवांना समजावून सांगण्याची गरज नाही.

बायाहून रिओ दि जनेरोला आलेल्या अशा माणसांचा एक अड्डा होता, तिया सिआताचे घर. तिया म्हणजे मावशी. ही बाई मिठाई विकायची आणि आफ्रिकी दैवतांच्या कांदोंब्ले पंथात तिला मान होता. तिच्या घराची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. रस्त्याकडच्या दर्शनी खोलीत बासरी-गिटारचे शोरो संगीत चाले, कारण ते प्रतिष्ठित मानले जाई. आतल्या खोलीत सांबा. परसात ढोल. पोलिसांना रस्त्यावरून जे ऐकू जाईल ते सभ्य असायला हवे होते. सांबा हे संगीत आतल्या खोलीत वाढले ते हौसेने नव्हे. जोआंव दा बायाना नावाच्या वादकाचे पांदेरो, म्हणजे आपल्या डफासारखे झांजा लावलेले वाद्य, १९०८च्या सुमारास पोलिसांनी जप्त केले होते. एका बड्या सिनेटरने त्याला नवे पांदेरो करून दिले आणि त्यावर आपल्या नावाने अर्पणाचा मजकूर कोरून दिला. पोलिसांनी अडवले की तो मजकूर दाखवायचा. हातातले वाद्य स्वतःचे आहे हे सिद्ध करायला वरच्या माणसाची सही लागत होती!

याच घरात ये-जा असलेला पिशिंगिन्या हा बासरीवादक आणि डोंगा हा गिटारवादक १९१९मध्ये आठ जणांचा एक वाद्यवृंद काढतात, ओइतो बातुतास. रिओच्या एका झकपक चित्रपटगृहाच्या दालनात ते वाजवू लागले. लोक सिनेमापेक्षा त्यांच्यासाठी गर्दी करू लागले. आणि वर्तमानपत्रांतून कुरकुर सुरू झाली, की शहराच्या मुख्य रस्त्यावर काळी माणसे? १९२२मध्ये हा संच पॅरिसला जायला निघाला तेव्हा तर हे असले लोक परदेशात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करणार का, असा प्रश्न उघडपणे लिहिला गेला.

पॅरिसमध्ये त्यांनी सुमारे सहा महिने वाजवले. तिथे त्या काळात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे जाझ जोरात होते. ब्राझीलच्या काळ्या वादकांनी अमेरिकेच्या काळ्या वादकांचे संगीत तिसऱ्याच देशात ऐकले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हाती सॅक्सोफोन होता, संचात बँजो होता. मला या प्रसंगात मिश्रणापेक्षा ओळख पटणे दिसते. एकाच जहाजव्यवस्थेने दोन किनाऱ्यांवर फेकलेली माणसे एकमेकांचा ठेका ओळखत होती. बाबासाहेबांनी १९४६मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिले, १९७२मध्ये आपल्या पोरांनी स्वतःला पँथर म्हणवून घेतले, तेव्हा कुणी 'हे अमेरिकन अनुकरण' म्हटले तर आपण काय उत्तर देतो? तेच उत्तर पिशिंगिन्याचे.

त्याला ते द्यावे लागले, कारण टीका झालीच. १९२८मध्ये त्याची 'कारिन्योसो' ही रचना ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा एका संगीतविषयक नियतकालिकाच्या समीक्षकाने तिच्यात अमेरिकन फॉक्सट्रॉटचा प्रभाव शोधून नाराजी नोंदवली. शोरो तीन भागांचा हवा, हिने दोनच भाग ठेवले, हीसुद्धा तक्रार. आज ती रचना ब्राझीलमध्ये जवळपास राष्ट्रगीतासारखी गायली जाते. ज्यांना काल रस्त्यावर वाजवू देत नव्हते त्यांच्याकडून आज शुद्धतेची अपेक्षा करायची, यातली गंमत पाहा. शुद्धता राखण्याचे ओझे नेहमी खालच्याच डोक्यावर दिले जाते. आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना मला आदराने इतकेच विचारायचे आहे, की हलगीबरोबर सॅक्सोफोन नको, हा नियम नक्की कुणाच्या फायद्याचा?

पिशिंगिन्याचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १९४०च्या दशकात तो आर्थिक अडचणीत होता. बासरीवादक बेनेदितो लासेर्दाने त्याच्यासाठी ध्वनिमुद्रणाचे आणि प्रकाशनाचे करार मिळवले आणि त्याच्या बदल्यात रचनांवर संगीतकार म्हणून स्वतःचेही नाव लागले. अनेक वर्षांपूर्वी, लासेर्दाचा संबंध नसताना केलेल्या रचनांवरसुद्धा. त्या ध्वनिमुद्रणांत पिशिंगिन्या टेनर सॅक्सोफोनवर मागून जी प्रतिधून विणतो, ती ऐकून आजही वादक शिकतात. पुढे बासरी, मागे सॅक्सोफोन, आणि मालकीत दोघे.

आता बोसा नोव्हा. हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल, निदान विमानतळावर किंवा कॉफीच्या दुकानात ते संगीत ऐकले असेल. रूढ गोष्ट अशी, की १९५८च्या आसपास रिओच्या समुद्रकिनाऱ्यालगतच्या सुखवस्तू तरुणांनी सांब्यात जाझचे स्वरगुच्छ मिसळले आणि नवे संगीत जन्मले. या गोष्टीत जॉनी आल्फ बसत नाही. त्याचे खरे नाव आल्फ्रेदो जोझे दा सिल्वा, जन्म १९२९, आई घरकाम करणारी. आई जिथे कामाला होती त्या घरात त्याला पियानो शिकायची संधी मिळाली. १९५४च्या सुमारास कोपाकबानातल्या प्लाझा नावाच्या बारमध्ये तो रात्री पियानो वाजवायचा आणि सांब्याच्या ठेक्यावर जाझचे असे स्वरगुच्छ टाकायचा की ऐकायला पुढचे सगळे नामवंत येऊन बसायचे: टॉम जोबिम, जोआंव जिल्बेर्तो, कार्लोस लिरा. जोबिम त्याला 'जीनिआल्फ' म्हणायचा. १९५५मध्ये, म्हणजे बोसा नोव्हाच्या अधिकृत जन्मतारखेच्या तीन वर्षे आधी, आल्फ साओ पावलोला निघून गेला. नोव्हेंबर १९६२मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बोसा नोव्हाचा गाजलेला कार्यक्रम झाला. त्या मंचावर कृष्णवर्णीय कुणीच नव्हते असे नाही, गायक आगोस्तिन्यो दोस सांतोस होता. पण आल्फ नव्हता. इतिहासात त्याला 'पूर्वसूरी' हे पद मिळाले. पूर्वसूरी म्हणजे ज्याचा सत्कार होतो आणि ज्याला स्वामित्वधन मिळत नाही तो.

मी जोबिम किंवा जिल्बेर्तो यांना चोर म्हणत नाही. जिल्बेर्तोची गिटार ऐका. अंगठा सांब्यातल्या मोठ्या सुर्दो ढोलाचे काम करतो, बाकीची बोटे तांबोरीम या छोट्या चर्मवाद्याचे आडवे-तिडवे ठेके वाजवतात. दहा-पंधरा माणसांचा ताफा एका माणसाने सहा तारांत बसवला. हे थोर काम आहे. त्याने जुन्या कृष्णवर्णीय सांबाकारांची गाणी आयुष्यभर गायली, हेही खरे. प्रश्न माणसांच्या चांगुलपणाचा नाहीच. चांगली माणसे असूनही हिशेब एकाच बाजूला कसा झुकतो, हा प्रश्न आहे.

त्याच काळात कोपाकबानात एक बोळ होता, 'बाटल्यांचा बोळ'. तिथल्या चिमुकल्या क्लबांत रात्रभर पियानो, बास आणि ड्रम अशा तिघांचे संच सांबा-जाझ वाजवायचे. आवाजाने वैतागून वरच्या मजल्यांवरचे रहिवासी खाली बाटल्या फेकायचे, म्हणून ते नाव. सांब्याच्या ताफ्यातले ठेके ड्रमसेटवर, विशेषतः झांजेवर, कसे उतरवायचे हे कोडे तिथल्या ड्रमवादकांनी सोडवले. जगभरच्या जाझ ड्रमवादकांनी ते उचलले.

मार्च १९६३मध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि जोआंव जिल्बेर्तो यांची तबकडी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली. छोटासा संच, सहा माणसे. १९६४मध्ये ती बाजारात आली आणि तिला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. त्या तबकडीवर बास वाजवला सेबास्तियांव नेतोने आणि वेष्टनावर नाव छापले गेले दुसऱ्याच वादकाचे, टॉमी विल्यम्सचे. ज्या आवाजामुळे ती घराघरांत पोचली त्या आस्त्रुद जिल्बेर्तोचे नाव मूळ वेष्टनावर गायिका म्हणून नव्हतेच. बाई होती, नवखी होती, सोबत आली होती, गायली. आमच्या पोराचे पोस्टर आठवले ना?

इकडे आपल्याकडेही हे घडले आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटांत गोव्याच्या वादकांनी जाझ आणले, वाद्यमेळाची रचना त्यांनी केली. सेबास्तियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. पडद्यावर ते 'सहायक' राहिले. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तूर्त एवढेच.

आता मुद्द्याचे. ब्राझीलच्या अभिजनांनी विसाव्या शतकात एक सिद्धान्त रुजवला, 'वांशिक लोकशाही'. आमच्याकडे गोरे, काळे, मूळनिवासी असे सगळे मिसळून गेले आहेत, अमेरिकेसारखा वर्णद्वेष आमच्याकडे नाही. जिल्बेर्तो फ्रेइरे या समाजशास्त्रज्ञाच्या १९३३च्या ग्रंथाने या विचाराला बळ दिले. आणि पुरावा काय द्यायचा? संगीत! पाहा, सांबा आमचे राष्ट्रीय संगीत, बोसा नोव्हात आफ्रिका, युरोप, अमेरिका एकजीव. या एकजीवतेच्या देशात लोकसंख्येच्या निम्म्याहून अधिक असलेली कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय माणसे विद्यापीठात का दिसत नाहीत, हे विचारले की विचारणारा फूट पाडणारा ठरायचा. विद्यापीठांत राखीव जागांची मागणी पुढे आली तेव्हा २००६मध्ये प्राध्यापक, लेखक, कलावंतांनी विरोधाचे जाहीर पत्र दिले. युक्तिवाद ओळखीचाच: आम्ही सगळे मिश्र आहोत, कोण काळा आणि कोण गोरा हे ठरवणार कसे, राखीव जागांमुळेच वंशभेद वाढेल. चळवळ हटली नाही. एप्रिल २०१२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा एकमताने वैध ठरवल्या आणि त्याच वर्षी कायदाही झाला.

'वांशिक लोकशाही'चे मराठी भाषांतर करायचे तर मी 'समरसता' असे करीन. एका पंगतीत बसा, एका तालात नाचा, पण हिशेब विचारू नका. जातीअंतासाठी बाबासाहेबांनी १९३६मध्ये आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला, तोही ज्या धर्मशास्त्रांनी जातीला पावित्र्य दिले त्यांचा अधिकार नाकारण्याच्या अटीसह. काही जण विचारतात, मग मिसळण्याला तुमचा विरोध का? ब्राझीलमधले रक्ताचे मिश्रण मोठ्या प्रमाणावर मालकाने गुलाम स्त्रीवर केलेल्या जबरदस्तीतून झाले. त्या मिश्रणाने मालक मालक राहिला आणि बाई गुलाम. मुक्त आणि समान माणसे एकत्र येतात ती गोष्ट वेगळी. घटना समितीतल्या शेवटच्या भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही असे बजावले होते. समरसतावाले बंधुता तेवढी उचलतात, तीही मंचावर छायाचित्र निघेपर्यंत.

तर मग आमच्या पोराने काय करावे? हलगी ठेवून द्यावी? इथे मला मोआसिर सांतोसची गोष्ट सांगायची आहे.

जन्म १९२६, पेर्नांबुको प्रांताच्या दुष्काळी आतल्या भागात. लहानपणीच आईवेगळा झाला, दुसऱ्यांच्या घरी वाढला. गावच्या बँडच्या आसपास घुटमळत जे वाद्य हाती येईल ते शिकला आणि पौगंडावस्थेतच पळून गेला. १९४८मध्ये रिओला पोचून रेडिओ नॅसिओनालमध्ये सॅक्सोफोनवादक म्हणून लागला, आणि काही वर्षांतच तिथला संगीत-संचालक झाला. त्या जागी बसलेला तो पहिला कृष्णवर्णीय. कोलरॉइटर या जर्मन गुरूकडे युरोपीय रचनाशास्त्र शिकला, त्याचा सहायक झाला. मग त्याच्याकडे शिकायला बोसा नोव्हाची आख्खी पिढी आली, बाडेन पॉवेल, नारा लेआंव, रोबेर्तो मेनेस्काल. किनाऱ्यावरच्या सुखवस्तू पोरांचा गुरू एक अनाथ काळा माणूस होता, हे रूढ गोष्टीत कुणी सांगत नाही.

१९६५मध्ये त्याने 'कोइझास' नावाची तबकडी काढली. कोइझास म्हणजे 'वस्तू', 'गोष्टी'. वस्तू क्रमांक १, वस्तू क्रमांक २, अशा दहा. युरोपीय संगीतकार आपल्या रचनांना क्रमांक देतात तसे त्याला द्यायचे होते, पण त्यांचा भारदस्त शब्द त्याने घेतला नाही, साधा 'वस्तू' घेतला. आत काय आहे? खालून कांदोंब्लेच्या ढोलांचे सहा मात्रांचे वळण, वर सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन यांचे जाझचे थर. ढोल सजावटीला ठेवलेला नाही. संपूर्ण रचना ढोलाच्या हिशेबाने चालते आणि सॅक्सोफोनला त्या हिशेबात बसावे लागते. माझ्या दृष्टीने सगळा फरक इथे आहे. कोणते वाद्य कोणत्या वाद्याच्या घरी पाहुणे म्हणून आले आहे, हे कान देऊन ऐकले की कळते.

१९६७मध्ये सांतोस अमेरिकेला गेला, कॅलिफोर्नियात शिकवत राहिला. देशात त्याचे नाव मागे पडले. 'कोइझास'ची मूळ स्वरलिपी हरवली. २००१मध्ये दोन संगीतकारांनी जुन्या तबकड्या ऐकून ऐकून प्रत्येक वाद्याचा स्वर पुन्हा कागदावर उतरवला आणि 'काळे सोने' या अर्थाच्या नावाने त्या रचना नव्याने मुद्रित झाल्या. पाच वर्षांनी तो वारला. निदान पाहून गेला.

त्याच पेर्नांबुकोच्या रेसिफे शहरात १९९१मध्ये आमारो फ्रेतास जन्मला. पियानो तो वडिलांच्या चर्चमध्ये शिकला. बसभाड्याला पैसे नसल्याने संगीतविद्यालय सोडावे लागले, कॉल सेंटरमध्ये काम केले. घरी पियानो नव्हता म्हणून काल्पनिक पट्ट्यांवर बोटे चालवून सराव केला, मग शहरातल्या एका रेस्तराँने दार उघडण्याआधीच्या वेळेत त्यांचा पियानो वापरू दिला. बास वाजवणारा जां एल्तोन आणि ड्रमवर उगो मेदेरोस यांच्याबरोबर त्याने तिघांचा संच बांधला. पियानो तो ढोलासारखा वाजवतो. रेसिफेच्या रस्त्यावरचे फ्रेव्हो, काँगोच्या राजाच्या मिरवणुकीतून आलेले माराकातू, यांचे ठेके डाव्या-उजव्या हातांत वाटून घेतो. पहिल्या अल्बमचे नाव 'काळे रक्त', २०१६. २०२१च्या 'सांकोफा' या अल्बममध्ये 'बाकाक्वा' नावाची रचना आहे. महोम्मा बाकाक्वा हा आफ्रिकेतून पकडून १८४५मध्ये याच पेर्नांबुकोत आणलेला गुलाम. पुढे न्यूयॉर्कमध्ये जहाजावरून सुटला आणि १८५४मध्ये त्याचे आत्मकथन छापले गेले. ब्राझीलची गुलामगिरी भोगलेल्या माणसाचे ज्ञात असलेले ते एकमेव आत्मकथन. फ्रेतासच्या रचनेत शब्द नाही, तरी नाव आहे. आपल्याकडे दलित आत्मकथनांचा ढीग आहे. त्यातल्या एखाद्यावर कुणी हलगी आणि सॅक्सोफोनची रचना बांधली आहे का?

बायातला लेतिएरेस लेइते हा आणखी एक, २०२१मध्ये गेला. त्याचा पाच जणांचा संचही होता, पण गाजला तो ओर्केस्त्रा रुंपिलेझ हा मोठा वाद्यवृंद. कांदोंब्लेच्या तीन ढोलांची नावे रुं, रुंपी आणि ले. त्यांना शेवटी जाझचा 'झ' जोडला. या वाद्यवृंदात ढोलवाले पुढे, मध्यभागी बसतात आणि पांढऱ्या सुटात असतात. सॅक्सोफोन, ट्रम्पेटवाले अर्ध्या चड्डीत आणि चपलांवर. मोआसिर सांतोसच्या 'कोइझास' त्यांनी वाजवल्या, तो अल्बम २०२२मध्ये आला.

त्या वाद्यवृंदाचा व्हिडिओ मी आमच्या पोराला मोबाइलवर दाखवला. तो पाच मिनिटे काही बोलला नाही, मांडीवर बोटे वाजवत राहिला. मग विचारले, "दादा, हे पांढरे सूट शिवायला किती लागतील?" जुने कार्यकर्ते शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "सुटाचे बघू. आधी पोस्टरवरचे नाव आणि मानधनाचा आकडा लेखी घे, मग हो म्हण." पुढच्या महिन्यात त्याला दुसरे एक बोलावणे आले. त्याने तीन अटी लिहून पाठवल्या आहेत. उत्तर अजून आलेले नाही.